टवाळांचे वकीलपत्र

विनोदाची आवड टवाळांनाच असते, असा निकाल समर्थ रामदासांनी फार पूर्वी देऊन ठेवला आहे. हल्ली तो एका नव्या आरोपीला लावला जातो. हा आरोपी म्हणजे सिनेमांची खिल्ली उडवणारे यूट्यूबवरचे छोटे व्हिडिओ आणि त्यांतल्या एकेका विनोदावर तावातावाने वाद घालणारे चाहते. आरोपपत्रात तीन कलमे आहेत. एक, ही मंडळी दुसऱ्याच्या कष्टांवर जगतात. दोन, शेकडो माणसांनी घाम गाळून केलेल्या कामाचा ती अपमान करतात. तीन, त्यांच्या नादाने प्रेक्षक सिनेमा पाहायचे सोडून त्याच्या चुका मोजत बसतो. हे आरोप करणारे बहुधा जाणते सिनेमाप्रेमी असतात, त्यामुळे ते हसण्यावारी नेता येत नाहीत. पण ते टिकतात का?

पहिले कलम आयत्या बिळावरच्या नागोबाचे. १९५७ साली ‘झीरो अवर!’ नावाचा अमेरिकी चित्रपट आला. विमानातल्या जेवणातून वैमानिकांना विषबाधा होते आणि युद्धाच्या आठवणींनी खचलेला माजी वैमानिक टेड स्ट्रायकर विमान खाली उतरवतो, अशी त्याची कमालीची गंभीर कथा. झकर बंधू आणि जिम अब्राहम्स या तिघांनी तिचे हक्क रीतसर विकत घेतले आणि १९८० साली ‘एअरप्लेन!’ आणला. कथा तीच, नायकाचे नाव जवळजवळ तेच आणि कित्येक संवादही तेच. ते बदलण्याची गरजच पडली नाही. तेच वाक्य तितक्याच गंभीर चेहऱ्याने, पण वेड्या प्रसंगात म्हटले की हसू फुटत होते. आज कोणी ‘झीरो अवर!’ शोधून पाहिलाच, तर तो बहुधा ‘एअरप्लेन!’मुळे. मग बीळ कोणाचे आणि नागोबा कोण?

आपल्याकडचा दाखला याहून जुना आहे. १९२५ साली अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ काढली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची पळता भुई थोडी केली. मूळ कवितांचा ठेका, त्यांतले ठरावीक उसासे, शब्दांचे लाड हे सारे तोंडपाठ असल्याशिवाय ते साधणारे नव्हते. ज्याला स्वतःला काही निर्माण करता येत नाही तो विडंबन करतो, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, की याच अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ हा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

दुसरे कलम श्रमांच्या अपमानाचे. येथे खिल्ली नेमकी कशाची उडते, ते पाहिले पाहिजे. रायन जॉर्ज हा कॅनडातला विनोदवीर २०१७ पासून ‘पिच मीटिंग’ ही मालिका करतो. लेखक आणि निर्माता अशा दोन्ही भूमिका तोच वठवतो. लेखक उत्साहाने कथा सांगतो, निर्माता मधूनच एखादी साधी शंका विचारतो आणि लेखक ती सहज उडवून लावतो. नायक या संकटातून सुटणे अवघड असेल ना, असे विचारले की उत्तर ठरलेले: छे, अगदी सोपे! अशाच ‘अगदी सोप्या’ उत्तराचा नमुना पाहा: ‘स्टार वॉर्स’मधला सम्राट पॅल्पटीन १९८३च्या चित्रपटात मेला आणि २०१९च्या चित्रपटात हजर झाला. कसा, याचे धड उत्तर पडद्यावर मिळत नाही. कसा कोण जाणे, पण आला, अशा अर्थाच्या एका वाक्यावर वेळ मारून नेली आहे. आता यावर हसणारा प्रेक्षक कोणाच्या घामाला हसतो? प्रकाशयोजना करणाऱ्याच्या, पोशाख शिवणाऱ्याच्या की संकलकाच्या? कोणाच्याच नाही. तो हसतो बंद खोलीत घेतलेल्या एका निर्णयाला. खरे तर त्या शेकडो माणसांच्या श्रमांचा अपमान त्या निर्णयाने आधीच केलेला असतो.

माणसाची टिंगल आणि कलाकृतीचे विडंबन यांत फरक आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. ‘ओम शांती ओम’मध्ये मनोजकुमार यांच्या चेहऱ्यावर हात धरण्याच्या लकबीची थट्टा झाली, तेव्हा ते दुखावले आणि शाहरुख खानला माफी मागावी लागली. त्यांचे दुखावणे मला समजते. त्यांच्या चित्रपटांतल्या देशभक्तीच्या साच्यावर कोणी बोट ठेवले असते, तर गोष्ट वेगळी होती. तिथे थट्टा फक्त त्यांच्या हाताची झाली.

तिसऱ्या कलमात सर्वांत जास्त तथ्य आहे. ‘सिनेमासिन्स’ हे चॅनेल २०१२ पासून चित्रपटांची ‘पापे’ मोजते. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत जातो. कधी खरी विसंगती सापडते, कधी नुसतीच कुरकुर असते आणि कधी चित्रपटात दिलेले स्पष्टीकरण ऐकलेलेच नसते. पण आकडा या सगळ्यांसाठी वाढतो. ‘काँग: स्कल आयलंड’चा दिग्दर्शक जॉर्डन व्होट-रॉबर्ट्स २०१७ मध्ये त्यांच्यावर उघडपणे तुटून पडला, तेव्हा त्याचे म्हणणे बरोबर होते. शुद्धलेखन तपासून कादंबरीचा निकाल लावणारा परीक्षक आपण मानत नाही, मग यांना का मानावे? पण एका चॅनेलच्या आळसावरून सगळ्या प्रकाराला फासावर देता येणार नाही. त्याच मातीत काय उगवू शकते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे.

‘हाउ इट शुड हॅव एन्डेड’ ही व्यंगपटांची मालिका २००५ साली सुरू झाली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरच्या तिच्या चिमुकल्या व्यंगपटात फ्रोडो आणि मंडळी गरुडांवर बसतात, थेट ज्वालामुखीवर जातात, अंगठी आत टाकतात आणि खेळ खलास. पीटर जॅक्सनने तीन चित्रपटभर चालवलेली पायपीट क्षणात निकालात निघते. शेवटी फ्रोडो आणि सॅमला गरुडच उचलून आणतात, मग सुरुवातीलाच त्यांनी का नेले नाही, ही शंका त्याआधीही होती. विनोदाने ती घरोघरी नेली आणि चाहते कामाला लागले. मॉर्डॉरच्या आकाशात शत्रू सौरॉनचे नाझ्गुल उडत होते, असे कोणी म्हणाले. साऱ्या मोहिमेची भिस्त गुप्ततेवर होती, एवढे मोठे पक्षी सौरॉनच्या नजरेतून सुटले नसते, असे दुसऱ्याने सांगितले. गरुड म्हणजे भाड्याची टॅक्सी नव्हे, तो एक मानी आणि स्वतंत्र वंश आहे, असे पुस्तकवाले म्हणाले. यावर कोणीतरी कळीचा मुद्दा काढला: पुस्तकातला गरुड बोलतो, चित्रपटातला बोलत नाही. सारुमानच्या मनोऱ्यावरून गँडाल्फला तो मुकाट्याने घेऊन जातो, म्हणून प्रेक्षकाला तो हाकेसरशी येणारे वाहन वाटतो. म्हणजे कथेतले भोक रूपांतर करताना मोठे झाले. चित्रपट-रसास्वादाच्या शिबिरात याहून वेगळे काय शिकवतात? आणि मूळ पुस्तकाचा लेखक टॉल्कीन याला ही शंका सुचलीच नव्हती असेही नाही. १९५८ साली एका नियोजित चित्रपटाच्या संहितेवर टीका करताना त्याने पत्रात बजावले होते, की गरुड हे धोक्याचे साधन आहे, आपण ते जपून वापरले आहे आणि त्यापलीकडे ते ताणले तर विश्वासार्हता संपेल. चाहते हसत हसत ज्या प्रश्नापाशी पोहोचले, तो लेखकाच्याच काळजीचा विषय होता.

आता माझा पक्ष. हे व्हिडिओ सिनेमाचे शत्रू नाहीत, पण त्यांना एक शत्रू आहे: ज्याची खिल्ली उडवायची त्याचीच मेहेरबानी. ‘ऑनेस्ट ट्रेलर्स’ ही मालिका भारदस्त आवाजात चित्रपटांची खरी जाहिरात करते. २०१६ मध्ये ‘डेडपूल’ची पाळी आली, तेव्हा खुद्द रायन रेनॉल्ड्स डेडपूलच्या आवाजात त्यात सामील झाला. व्हिडिओ धमाल झाला, पण खिल्ली उडवणारा आणि ज्याची उडवायची तो एकाच बाजूला बसले. आपल्या टीव्हीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’च्या थुकरटवाडीत तर हा नेम होऊन बसला. २०१४ पासून नव्या चित्रपटाचा संच पाहुणा म्हणून यायचा आणि त्याच्यासमोरच स्किट व्हायचे. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे यांच्या अंगच्या गुणांबद्दल वाद नाही. पण पाहुणे प्रचाराला आले असताना त्यांच्या पटकथेतला भोंगळपणा कोण दाखवणार? खाल्ल्या मिठाला जागावेच लागते. मग हशा साडी नेसलेल्या पुरुषावर आणि देहयष्टीवरच्या कोट्यांवर गोळा करावा लागे, आणि तोच हशा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चित्रपटासाठीही चाले.

म्हणून चाहत्यांनी एक कसोटी हाताशी ठेवावी. मूळ सिनेमा न पाहिलेल्यालाही तेवढेच हसू येत असेल, तर तो विनोद त्या सिनेमावर नव्हताच. ही कसोटी लावून भांडा, सिनेमावर भांडता तितक्याच हिरिरीने विडंबनावरही भांडा. मराठी सिनेमाला समीक्षक थोडे आणि शुभेच्छुक फार आहेत. पोस्टर शेअर करणे हेच मराठीप्रेम, अशी आपली समजूत झाली आहे. अशा वेळी कोणाच्याही सोफ्यावर न बसणारे, एकेका चित्रपटाची चार चार पारायणे केलेले आणि निर्मात्याच्या फोनला न घाबरणारे टवाळ मराठीला हवे आहेत. ते आले, की काही निर्माते चिडतील. चिडू द्यावे; पुढची पटकथा निदान ते दोनदा वाचतील.