‘मृत्यूचे कारण अज्ञात’

२०१७ च्या जूनपासून कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातात उत्तर अटलांटिक राइट व्हेल या देवमाशांचे देह एकामागून एक तरंगताना आढळू लागले. त्या वर्षी कॅनडाच्या समुद्रात असे १२ देवमासे मेले. ज्या जातीची एकूण संख्याच पाचशेच्या आत, तिच्या दृष्टीने हा संहारच होय. तथापि जहाजधन्यांच्या कैवाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : जहाजानेच मारले, याला पुरावा काय?

पुरावा असतो, परंतु तो नेहमी कातडीवर दिसत नाही. पंख्याच्या पात्यांनी केलेले समांतर घाव कोणालाही ओळखता येतात. जहाजाच्या पुढील भागाचा बोथट आघात मात्र कातडी शाबूत ठेवून आतली कवटी, जबडा व मणके फोडू शकतो. तो शोधायचा तर कित्येक टनांचा देह किनाऱ्यावर ओढून आणावा लागतो, चरबीचे थर हाडापर्यंत उतरवावे लागतात. मोडलेल्या हाडाभोवतीच्या मांसात रक्त साकळलेले असेल, तर आघाताच्या वेळी प्राणी जिवंत होता असे ठरते. नसेल, तर प्रेतालाच जहाज धडकले असण्याचा संभव उरतो. त्या वर्षी तपासलेल्या देहांपैकी अनेकांत बोथट आघाताच्या खुणा सापडल्या.

परंतु चरबीखाली उष्णता कोंडून देह आतून झपाट्याने कुजतो, आणि कित्येक देह किनाऱ्याला लागतच नाहीत. मग नोंद होते : ‘कारण अज्ञात’. शास्त्रज्ञाच्या लेखी याचा अर्थ ‘ठाऊक नाही’ एवढाच. नफेखोराच्या लेखी मात्र ‘निर्दोष’! दगडखाणीतल्या मजुराच्या सिलिकोसिसला कागदावर क्षय ठरवून मालकाला मोकळे करणारी कारकुनी याच जातकुळीची आहे.

उपाय गूढ नाही. वेग कमी केला की आघात प्राणघातक ठरण्याचा संभव घटतो. अमेरिकेने २००८ मध्ये ६५ फूट व त्याहून लांब जहाजांना ठरावीक क्षेत्रांत, ठरावीक हंगामात दहा नॉटची मर्यादा घातली. कॅनडाने आखाताच्या पश्चिम भागात तशी मर्यादा घातली, ती ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे देह तरंगू लागल्यानंतर! आणि ३५ ते ६५ फुटांच्या नौकांनाही ती लागू करण्याचा २०२२ चा प्रस्ताव अमेरिकी शासनाने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला.

वेगाचा नफा जे खातात, त्यांनीच प्रत्येक देहाच्या तपासणीचा खर्च सोसला पाहिजे. आणि तपासणी होऊ शकली नाही, तर संशयाचा फायदा जहाजाला नव्हे, देवमाशाला मिळाला पाहिजे.