नुसती पाटी बदलून कसं चालेल?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खोटं प्रगतिपुस्तक दिसलं की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो. आजचं प्रगतिपुस्तक दहा दिवसांत मिळतं, फ्रेम करून भिंतीवर लागतं आणि त्याच्या भरवशावर परक्या माणसाच्या तोंडावर ॲसिड लावलं जातं.

आमच्या कऱ्हाडात हल्ली 'ब्युटी पार्लर' अशा पाट्या उतरतायत आणि त्या जागी 'स्किन क्लिनिक', 'एस्थेटिक स्टुडिओ' अशा पाट्या चढतायत. आतली खुर्ची तीच, बाई तीच, फक्त अंगात पांढरा कोट आला. माझ्या भाच्या यावर हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या कोटातल्या दोघी-तिघी माझ्या वर्गात बसलेल्या आहेत.

आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. पार्लरचं काम करणाऱ्या बाईनं केस, मेकअप, मेंदी सोडून फक्त त्वचेचं काम करायचं ठरवलं तर मला आनंदच आहे. माझं भांडण तिच्याशी नाहीच. तिला दहा दिवसांत 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' करून देणाऱ्यांशी आहे, आणि थोडंसं तुमच्या-आमच्याशी आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वीसेक वर्षं पार्लर चालवते. घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक आरसा, एवढ्यावर तिनं दोन मुलं शिकवली. आता पंचेचाळिशी आली. दोऱ्याचं टोक दातात धरून आयब्रो करता करता मान धरते, वॅक्सिंगला वाकून कंबर गेली, आणि लग्नसराईत पहाटे चारला नवरीच्या घरी हजर व्हायचं. परवा आली आणि म्हणाली, "बाई, आता फक्त स्किनचं काम करावं म्हणते. बसून करता येतं आणि मानही मिळतो." बरोबर एका कोर्सचं पत्रक होतं. केमिकल पील, मायक्रोनीडलिंग, लेझर, सगळं दहा दिवसांत. फी साठ हजार. वैद्यकीय शिक्षणाची गरज नाही, असं मोठ्या अक्षरात. शेवटच्या दिवशी काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून फोटो!

मी विचारलं, "लेझर शिकवणार कोणाच्या अंगावर?"

"एकमेकींच्या, बाई."

"आणि कुणाला भाजलं तर?"

तिनं पत्रक पालटून पाहिलं. त्याबद्दल काही छापलेलं नव्हतं.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवली. तिचं इतकं स्वच्छ उदाहरण मला नोकरीत असताना कधी सापडलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, बाईंची बी.ए. मराठीची, यांना त्वचेतलं काय कळतं? बरोबर आहे. पण माझी पुतणी त्वचारोगाची डॉक्टर आहे. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षं तिनं फक्त त्वचेचा अभ्यास केला. विद्यार्थिनीचं पत्रक घेऊन मी तिच्याशी दोन संध्याकाळी बोलले. त्यातून जे समजलं ते तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट वॅक्सिंगची. मुरुमांसाठी ॲडापलीन नावाचं मलम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सर्रास देतात. या औषधांनी त्वचेचा वरचा थर नाजूक होतो. अशा मुलीच्या ओठावर वॅक्स लावून खेचलं तर केसाबरोबर कातडीही सोलून येते. त्वचेचं काम शिकलेली बाई पट्टी लावायच्या आधी विचारते, "कुठलं मलम, कुठली गोळी चालू आहे का?" या एका प्रश्नाला यंत्र लागत नाही की कोट लागत नाही. नुसतं शिक्षण लागतं.

दुसरी गोष्ट मानेची. मान काळी पडली म्हणून बायका पार्लरमध्ये जातात आणि तिथे ती घासून घासून लाल करतात. पण मानेवर, काखेत जाडसर, मखमलीसारखा काळेपणा आला तर तो मळ नसतो. पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. तिथे स्क्रबचा उपयोग शून्य. शिकलेली बाई सांगेल, "ताई, आधी साखर तपासून घ्या." तसंच हनुवटीवर दाट केस आणि जोडीला पाळीच्या तक्रारी असतील तर थ्रेडिंग जरूर करावं, पण डॉक्टरकडेही पाठवावं.

तिसरी गोष्ट ऐकून मी गप्पच झाले. पाठीवर किंवा दंडावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार फुकट मिळतात, सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की तो बरा होतो. पण उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. आता सांगा, आपल्याकडे बाईची पाठ उजेडात, जवळून, दर महिन्याला कोण पाहतं? नवराही पाहत नसेल. पार्लरवाली पाहते!

म्हणून म्हणते, हा मार्ग चांगला आहे. नीट शिकलेली त्वचेची कामगार (कामगारच म्हणते, त्यात कमीपणा नाही) गावाच्या आरोग्याचा एक डोळा होऊ शकते. आणि असा डोळा दहा दिवसांत तयार होत नाही. त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण अठ्ठावीस दिवस लागतात, आणि वय वाढलं की त्याहून जास्त. म्हणजे ज्या पीलचा परिणाम शिकायचा तो पुरता दिसायच्या आतच विद्यार्थिनी टोपी घालून घरी!

आणि कोणती त्वचा शिकवतात? त्वचेच्या रंगाचे सहा प्रकार सांगणारी एक मोजपट्टी आहे, फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1975 साली केलेली. तिच्यात आधी गोऱ्या कातडीचेच प्रकार होते, सावळी आणि काळी नंतर जोडली गेली. पत्रकाच्या पहिल्या पानावर ती मोजपट्टी रंगीत छापलेली आहे. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीला पील जास्त झालं किंवा लेझरनं भाजलं तर मागे काळे डाग राहतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत, हे पत्रकात कुठेच नाही. डाग घालवायला आलेली मुलगी डाग घेऊन परत जाणार. आगीतून फुफाट्यात!

आता थोडं आपल्याकडे वळू या. आपण नातेवाईक मंडळी पार्लरमध्ये जाऊन काय मागतो? "लग्न पंधरा दिवसांवर आलंय, जरा उजळ करून द्या." 'फेअर अँड लव्हली'नं 2020 साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. तिथेही पाटीच बदलली, आपली मागणी तीच राहिली. पंधरा दिवसांत उजळपणा हवा असेल तर तो कुठून येणार? पुष्कळदा स्टिरॉइडच्या मलमातून. चार दिवस चेहरा चकाकतो, मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरुम आणि लव वाढते, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. म्हणून पुन्हा तेच मलम! 2018 साली सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी बिनलेबलाच्या डब्यांतून काय काय येतं देव जाणे. 2023 साली केरळात, मलप्पुरम जिल्ह्यात, मूत्रपिंडाचे काही रुग्ण वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. मागणारे आपण, आणि चेहरा बिघडला की शिव्या खाणारी ती एकटी. हे बरं आहे का?

यावर सुशिक्षित मंडळींचं एक ठरलेलं उत्तर असतं: "पार्लरवाल्यांनी त्वचेला हातच लावू नये, सगळं डॉक्टरांवर सोपवावं." ऐकायला छान. पण वॅक्सिंग, चेहरा साफ करणं, कोरड्या त्वचेची निगा, उन्हापासून जपणूक यासाठी कोण डॉक्टरकडे जाणार, आणि कुठल्या डॉक्टरला तेवढा वेळ आहे? ते काम पार्लरमध्येच होत आलं आहे आणि होणार. प्रश्न एवढाच, की ते शिकून होणार की न शिकता. पुतणी स्वतः म्हणते, "आत्या, मला अशी बाई शेजारी हवीच आहे. फक्त तिला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे."

थांबायची रेघ काही अवघड नाही. आपला औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांचा कायदा 1940 सालचा. त्यात ढोबळ भेद असा, की स्वच्छतेसाठी आणि रूप खुलवण्यासाठी लावतात ते प्रसाधन, रोग बरा करायला देतात ते औषध. कामाचीही रेघ तिथेच ओढावी. साफ करणं, मऊ ठेवणं, जपणं, पाहणं आणि वेळेवर पाठवणं हे तिचं काम. सुई, सलाइन, लेझर, खोलवर जाणारं पील आणि चिठ्ठीची मलमं हे डॉक्टरचं.

माझी एक भाची कॅलिफोर्नियात असते. तिथे हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. नुसतं त्वचेचं काम करणाऱ्याला वेगळा परवाना, त्यासाठी 600 तासांचं शिक्षण. केसांसकट सगळं करायचं तर 1000 तास. आणि लेझरला परवानाधारकानंही हात लावायचा नाही. अमेरिकेचं सगळंच उचलावं असं मी कधीच म्हणणार नाही, पण तास मोजायला काय हरकत आहे? आपल्याकडे डॉक्टरला, नर्सला नाव नोंदवावं लागतं. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' व्हायला रंगारी बोलावला की झालं.

शिकायची सोय अगदीच नाही असंही नाही. सरकारी आय.टी.आय.मध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे, दहावी झालेल्यांसाठी. पण वर्षभर दिवसा पार्लर बंद ठेवून घर चालवणारी बाई तिथे कशी जाणार? तिच्यासाठी संध्याकाळचा वर्ग हवा, आणि तोही मराठीतून. वीस वर्षांच्या अनुभवाला काही मोल हवं. सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात महिनाभर नुसतं बसून पाहायला मिळालं तरी ती दहा दिवसांच्या कोर्सपेक्षा जास्त शिकेल. आणि शेवटी परीक्षा हवी, जिच्यात नापासही करतात! जिथे कुणीच नापास होत नाही तिथे पास होण्याला किंमत नसते, हे मास्तरीण म्हणून ठामपणे सांगते.

विद्यार्थिनीला मी एवढंच म्हटलं, की साठ हजार ठेव, आधी चांगला दिवा घे, भिंग घे, दोऱ्याचं टोक दातांतून काढून मानेला अडकव, आणि प्रत्येक बाईचं एक पान घाल: कुठली औषधं, कशाची ॲलर्जी, काय लावलं, दुसऱ्या दिवशी काय झालं. तिला ते फारसं आवडलं नाही. कोर्सचं पत्रक ती घेऊन गेली. पुढे काय करेल ते तिचं तिनं ठरवायचं, तिच्या पोटाचा प्रश्न आहे.

तुमच्यासाठी मात्र गृहपाठ आहे. पुढच्या खेपेला पार्लरमध्ये जाल तेव्हा भिंतीवरचं प्रमाणपत्र जरूर वाचा, पण तारखा पाहा, कधी सुरू आणि कधी संपलं. चेहऱ्याला लावायच्या डब्यावर कंपनीचं नाव, घटक आणि परवाना क्रमांक आहे का ते विचारा. आणि जी बाई तुम्हाला म्हणेल, "हे माझं काम नाही, तुम्ही डॉक्टरांना दाखवा," तिला त्या दिवशीचे पूर्ण पैसे द्या, वर चहाही पाजा. तिनं त्या दिवसाचं गिऱ्हाईक घालवून तुमची कातडी वाचवलेली असते.

असो. लाल पेन खाली ठेवते. पटलं नसेल तर भांडायला या, पटलं असेल तर घरातल्या लग्न ठरलेल्या मुलींना वाचून दाखवा.