गोठ्याला मुलांचे हात लागू द्या



नाताळ जवळ आला की आमच्या वसईत गावोगावी येशूजन्माचे गोठे उभे राहतात, त्यांच्या स्पर्धाही लागतात. गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेतला पहिल्या नंबराचा गोठा दाखवायला नातवाला घेऊन गेले होते. वाहता धबधबा, मोटारीवर मान हलवणारा उंट, रंग बदलणारे दिवे. सहा वर्षांच्या पोराने दोरीखालून हात घालून एका मेंढराच्या पाठीला बोट लावलं, तसा कार्यकर्ता ओरडला, "ए, हात लावू नको!" नातू घरी येईपर्यंत बोलला नाही. त्या तरुणावर माझा राग नाही. रात्र रात्र जागून केलेलं काम मोडेल ही त्याची भीती मला कळते. पण ज्या गोठ्याला लहान मुलाचा हात चालत नाही तो गोठा कुणासाठी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

नाताळचं अप्रूप वाट पाहण्यातून आणि आपल्या हातांनी करण्यातून येतं. या दोन्ही गोष्टी आपण मोठ्यांनी मुलांकडून काढून घेतल्या आहेत.

आमच्या लहानपणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई पत्र्याच्या डब्याच्या झाकणात माती पसरून द्यायची आणि मूठभर गहू, मूठभर नाचणी हातावर ठेवायची. पेरायचं काम आमचं. सकाळी उठल्याबरोबर आधी त्या झाकणापाशी धाव. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती फोडून पांढरं टोक दिसलं की घरभर ओरडा. चोवीस तारखेपर्यंत चार बोटं हिरवं गवत तयार, तेच गोठ्यातलं कुरण. चांदणीसाठी भाऊ बांबूच्या कामट्या तासायचा, मी मैद्याची खळ शिजवायची. पतंगाचा कागद किंचित ओला करून चिकटवला की वाळल्यावर ढोलकीच्या पानासारखा ताणून बसतो. पाणी जरा जास्त झालं की तिथेच फाटतो. दर वर्षी आमच्या चांदणीला एक तरी ठिगळ असायचं, आणि आत दिवा लावला की ते ठिगळच आधी दिसायचं. ते मी लावलेलं होतं, म्हणून मला तेच सगळ्यांत सुंदर वाटायचं.

गव्हाण मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी आलो की घरातलं सगळ्यांत धाकटं मूल बाळयेशूची मूर्ती पेंढ्यावर ठेवायचं. त्या वेळी कुणी बोलत नसे. आता बहुतेक ठिकाणी मूर्ती पहिल्या दिवसापासूनच गव्हाणीत असते आणि मॉलमधला सांता तर नोव्हेंबरातच हजर होतो. चर्चमध्ये आपण आगमनकाळाचे चार रविवार पाळतो, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतो. चर्चमध्ये वाट पाहायची आणि बाहेर पडताच सण संपवून टाकायचा, यातून मुलांनी काय घ्यावं?

गोठ्याची परंपरा ज्यांच्या नावाने सांगतात त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात तो मांडला, तेव्हा गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढंच होतं. त्या गावच्या साध्या माणसांना बेथलेहेमचं दारिद्र्य डोळ्यांनी दिसावं, हा त्यांचा हेतू होता. आपल्या गोठ्यात आज सगळं दिसतं, ते दारिद्र्य तेवढं दिसत नाही.

कुणी म्हणेल, आईबाप दोघं पहाटेची लोकल पकडतात, भातशेती गेली, पेंढा आणायचा कुठून? अडचण खरी आहे. पण झाकणभर मातीला शेत लागत नाही, फ्लॅटची खिडकी पुरते. पाणी घालायला मुलाला रोज दोन मिनिटं लागतात. रेडिमेड गोठा विकत आणायला याहून जास्त वेळ जातो.

हे दुखणं एकट्या नाताळचं नाही. माझ्या हिंदू शेजारणीची मुलं दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पेरायची, मातीने कोपरापर्यंत बरबटायची. आता तिच्याकडेही प्लास्टरचा तयार किल्ला येतो. तिचं फराळाचं ताट दिवाळीत आमच्याकडे येतं, नाताळात तेच ताट नेवऱ्या आणि कलकल घेऊन परत जातं. एवढं अजून टिकलं आहे, कारण कलकल वळायला आजही मुलांना बसवावंच लागतं. काट्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळायला लहान बोटंच बरी.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि त्यांच्या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा एक गट फक्त चौदा वर्षांखालच्या मुलांचा ठेवा. त्यात मोटार नको, विकतचं कुरण नको, दिवा एकच. गव्हाण चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची अट घाला. आणि पहिल्या नंबराच्या गोठ्यासमोरची दोरी रोज तासभर तरी सोडा. एखादं मेंढरू मोडलंच तर मातीचं नवं करून द्यायला मी येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, वसई