फिका अंजिरी

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नवा फ्लॅट घेतला आणि बेडरूमची एक भिंत मोव्ह रंगवली. मोव्ह म्हणजे तोच तो, धड गुलाबी नाही नि धड जांभळा नाही असा मवाळ रंग. गृहप्रवेशाला आम्ही सगळ्याच त्या भिंतीच्या प्रेमात पडलो. मी जरा जास्तच, कारण मला लगेच आजीची खोली आठवली.

आजी राहते जांब समर्थला. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ मधला, तोही रामनवमीचा, त्यामुळे गावात रामनवमीचं अप्रूप विचारूच नका. उत्सवाआधी आमचं जुनं माळवदाचं घर रंगवायचं होतं. बाबांचा नेहमीचा पांढरा चुना बाद करायचा असं ठरवून मी शेड कार्ड आणि सॅम्पलचा छोटा डबा घेऊन थडकले.

‘‘आजी, यातला कुठला?’’

‘‘मला काय गं आता रंग?’’

आजोबा गेल्यापासून ती पांढऱ्या-करड्या लुगड्यातच असते. पुढे काय बोलणार? मीच एक शेड निवडून भिंतीवर पट्टा ओढला. वाळल्यावर बघते तर काय, मैत्रिणीकडचा मोव्ह इथे चक्क राखेसारखा!

मंडळी, इथेच आपण सगळे फसतो. हा रंग लाल आणि निळ्याच्या ऐन काठावर बसलेला. उत्तरेच्या खिडकीचा उजेड किंवा ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब पडली की तो निळ्या-करड्याकडे झुकतो. संध्याकाळचं ऊन किंवा २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा मिळाला की गुलाबी होतो. आजीच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. वर पांढरी ट्यूब, खाली करडी शहाबादी फरशी. बिचारा रंग काय करणार? म्हणून दोन बाय दोन फुटांचा पट्टा, दोन हात, आणि सकाळ-दुपार-रात्र तीनदा बघणं मस्ट! चारही भिंती रंगवणार असाल तर कार्डावरची एक पायरी फिकी शेड घ्या. चार भिंतींवर रंग गडदच वाटतो.

दुसरा धक्का रंगारीमामांनी दिला. ‘‘ताई, ही मातीची भिंत. हिला ओल बाहेर टाकावी लागते. वरून प्लास्टिक मारलं की आत कोंडते, मग पोपडे निघतेत.’’ त्यांनी माझा पट्टा शांतपणे खरवडून टाकला.

आजी हे सगळं दारातून बघत होती. ‘‘तसाही राखुंडीचाच रंग होता तो,’’ म्हणाली आणि आत गेली. आली ती ट्रंकेतलं एक इरकली लुगडं घेऊन. फिका अंजिरी रंग, घडीवर पिवळे डाग. ‘‘असला जमंल का?’’

मी अवाक. मला काय रंग म्हणणाऱ्या बाईने रंग कधीचाच निवडून ठेवला होता.

मामांनी विरवलेल्या कळीच्या चुन्यात जरा गेरू घातला, चिमूटभर निळीची पूड, आणि हाताला रंग लागू नये म्हणून डिंकाचं पाणी. बादलीत तो भलताच भडक दिसला. मामा म्हणाले, ‘‘घाबरू नका, चुना वाळला की फिका पडतो.’’ डब्यातल्या इमल्शनचं बहुधा उलटं, ते वाळल्यावर गडद होतं. चैत्राच्या उन्हात चुना फार लवकर सुकून भुरभुरू नये म्हणून मामा भिंत आधी ओली करत आणि काम सकाळी नि संध्याकाळीच करत. तिसऱ्या पट्ट्याला लुगड्याशी जुळलं.

गंमत म्हणजे मोव्ह मुळात जन्मला तोच फसलेल्या प्रयोगातून. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. माझ्या पट्ट्याला तेवढंच सांत्वन!

आता जोडीला काय? मराठीत शब्दच आहे रंगसंगती, म्हणजे सगळा खेळ संगतीचा. मोव्हला समोरचा हिरवट-पिवळा मानवतो. आम्ही खाटेवर मेंदी रंगाची चादर टाकली, कोनाड्यात पितळी समई. सागवानी दार तसंच ठेवलं, छत दुधाळ पांढरं. लालभडक पडदा मात्र टाळा, त्याच्या शेजारी हा रंग आजारी दिसतो.

रामनवमीला आलेला प्रत्येक पाहुणा त्या खोलीत डोकावला. आजी काहीच बोलली नाही. लुगडं पुन्हा ट्रंकेत गेलं, मीही विषय काढला नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘‘येताना तो पिवळा दिवा आण गं. ट्यूबखाली माझा रंग नीट दिसत नाही.’’

माझा रंग, म्हणाली!