सरळ रेषेवरची नऊ पावले

‘ज्याने मद्य घेतलेले नाही, त्याने चाचणीला का भ्यावे?’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. अमेरिकेतील रस्त्यांचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

रेषेवरून नऊ पावले जाऊन परत येणे, एका पायावर उभे राहणे, आणि हलत्या पेनाकडे पाहताना बुबुळे थरथरतात का हे तपासणे, या तीन चाचण्या आल्या कोठून? सरकारी खर्चाने मार्सेलिन बर्न्स आणि हर्बर्ट मॉस्कोविट्झ यांनी १९७७ साली अहवाल दिला. पोलिसांनी अटकेस पात्र ठरवलेल्यांपैकी ४७ टक्के लोक रक्तातील मद्याच्या तेव्हाच्या ०.१० टक्के मर्यादेच्या आत होते. जवळपास निम्मे! १९८१ च्या अभ्यासात हा आकडा ३२ वर आला, आणि पुढे याच चाचण्या ‘प्रमाणित’ म्हणून देशभर रुजल्या. दुखरा गुडघा, उतारवय, निव्वळ भीती यांनीही तोल जातो. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

यंत्राची गोष्ट वेगळी, ते निदान मोजते तरी. त्याबाबत न्यायालयाने सीमाही आखली: २०१६ च्या बर्चफील्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायदेशीर अटकेनंतर श्वासचाचणीला वॉरंट नको, रक्त घेण्यास सहसा हवे.

रेषेवर चालण्यास मात्र बहुतेक राज्यांत चालक नकार देऊ शकतो, त्याबद्दल परवाना जात नाही. हे त्याला सांगण्याचे बंधन पोलिसांवर सहसा नसते. आणि कित्येक राज्यांत तोच नकार पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला जातो.