त्रिकोण झाकून उत्तर येतं, पण हीटर कळतो का?



नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ पाठात ओहमचा नियम येतो. तो शिकवताना फळ्यावर हमखास एक त्रिकोण निघतो. वर विभवांतर, खाली विद्युतधारा आणि रोध. जे काढायचं त्यावर बोट ठेवा, उरलेल्या दोघांचा गुणाकार नाहीतर भागाकार करा. शक्तीसाठी असाच दुसरा त्रिकोण. मुलं गणित सोडवतात, गुणही मिळतात. पण यातली कोणती राशी कायम राहते आणि कोणती बदलते, हे त्रिकोण सांगत नाही. माझ्या मते शिकवायची खरी गोष्ट तीच आहे. आणि तिची तयारी आपण प्राथमिकवालेच सातवी-आठवीत करून घेऊ शकतो. भागाकार येतो ना, मग पुरे!

पाणी तापवायचा रॉड घ्या. त्यावर लिहिलेलं असतं, २३० व्होल्ट, १००० वॅट.

विद्युतधारा = शक्ती ÷ विभवांतर = १००० ÷ २३० = सुमारे ४.३५ अँपिअर
रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा = २३० ÷ ४.३५ = सुमारे ५३ ओहम

आता समजा व्होल्टेज १८० वर उतरलं. धारा किती? बरीच मुलं १००० ला १८० ने भागतात आणि ५.५६ अँपिअर सांगतात. म्हणजे व्होल्टेज उतरलं आणि धारा वाढली! भागाकार बरोबर, पण विचार चुकला. १००० वॅट हा आकडा २३० व्होल्टसाठी छापलेला आहे. रॉडमधली तार मात्र तीच आहे, म्हणून रोध जवळपास तोच राहतो.

विद्युतधारा = १८० ÷ ५३ = सुमारे ३.४ अँपिअर
शक्ती = १८० × ३.४ = सुमारे ६१२ वॅट

व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पण शक्ती ३९ टक्क्यांनी. जी बादली २५ मिनिटांत तापायची तिला आता ४१ मिनिटं लागतील. मग वीज वाचली का? नाही. १००० वॅट एक तास चाललं की एक युनिट. इथे वॅट कमी झाले, पण वेळ वाढला. तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं तर युनिटही जवळपास तेवढंच पडणार.

आता विहिरीवरची मोटर बघा. आपल्या नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल, ‘दाब कमी असला की मोटर जळते.’ त्याचं बरोबर आहे. मोटर रॉडसारखी वागत नाही. पंपावरचा भार फारसा कमी होत नाही, म्हणून कमी व्होल्टेजवर मोटर जास्त धारा ओढते. वाइंडिंगमध्ये उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. धारा दीडपट झाली की उष्णता सव्वादोनपट! रॉड गार पडतो आणि मोटर जळते, कारण दोन्हीकडे कायम राहणारी गोष्ट वेगळी आहे. हे कोणत्या त्रिकोणात सापडतं?

तिसरं उदाहरण तर जिवाशी खेळणारं आहे. घरातला लहान सॉकेट साधारण ६ अँपिअरचा असतो. ६ × २३० म्हणजे १३८० वॅट. त्यावर २००० वॅटचा हीटर लावला तर धारा होते ८.७ अँपिअर. त्यात प्लगची पिन सैल असेल आणि तिथे नुसता अर्धा ओहम रोध असेल, तर ८.७ × ८.७ × ०.५ म्हणजे सुमारे ३८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेवर. सोल्डरिंगचं छोटं आयर्न २५ वॅटचं असतं. मग प्लग का वितळतो, हे वेगळं सांगायला नको.

आपलं नागापूर एमआयडीसीचं गाव. इथली कितीतरी मुलं पुढे आयटीआयला जातील, कारखान्यात मशीनसमोर उभी राहतील. काहीजण शेती बघतील. स्वयंपाकघरातला प्लग तर सगळ्यांनाच लावायचा आहे. त्यांना हा हिशेब परीक्षेपुरता देऊन कसं चालेल?

काही जण म्हणतील, अभ्यासक्रम संपवायचा की हे करत बसायचं? त्यावर एवढंच सांगेन, जॉर्ज ओहम हाही शाळेत शिकवणाराच होता. त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून मोजमापं केली आणि १८२७ मध्ये आपला नियम पुस्तकात मांडला. आधी मोजणं, मग सूत्र. आपण ते उलटं करून ठेवलंय.

वर्गात फार काही लागत नाही. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि एक मल्टिमीटर. ३ व्होल्टला ०.३ अँपिअर धारा आली, तर रोध १० ओहम आणि शक्ती ०.९ वॅट. मग एक सेल काढा. धारा निम्मी होईल असं मुलं म्हणतील. ती निम्म्यापेक्षा थोडी जास्त दिसेल, कारण कमी तापलेल्या तारेचा रोध कमी असतो. बघा मुलं कशी विचारात पडतात ते! मात्र घरच्या सॉकेटला मीटर लावायचा नाही, हे बजावून सांगा. घरी फक्त उपकरणावरची पट्टी वाचून वहीत लिहायची.

त्रिकोण पुसून टाका असं मी म्हणत नाही. पण तो काढण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावा, ‘इथे कायम काय राहिलं?’ त्याचं उत्तर आलं की भागाकार कुणीही करेल.