छपराबाहेरचा देव

मोहगावचा देव अर्धनारीश्वर. अर्धे अंग शिवाचे, अर्धे पार्वतीचे. जाणकार सांगतात की शिव म्हणजे पुरुष आणि पार्वती म्हणजे प्रकृती. मराठीत प्रकृती म्हटले की आपल्याला आधी तब्येत आठवते. ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारले की समोरचा गुडघेदुखी सांगू लागतो. हिंदीत मात्र प्रकृती म्हणजे झाडे, नदी, डोंगर, पाऊस. आपण सौंसर-पांढुर्ण्याची माणसे दोन्ही भाषा बोलतो, म्हणून दोन्ही अर्थ आपल्याला आयते मिळाले आहेत. मोहगावच्या देवळात हात जोडताना मला नेहमी वाटते की या देवाचे निम्मे अंग गाभाऱ्यात आहे आणि निम्मे बाहेर, सर्पा नदीच्या काठावर, मोहाच्या झाडांखाली आणि संत्र्याच्या बगीच्यांत. हे शास्त्राला धरून आहे की नाही, ते शास्त्रीबुवांनी ठरवावे.

हा विषय आज काढायचे कारण वेगळे आहे. ओळखीतल्या एका घरात मागच्या वर्षी तरुण मुलगा गेला. तेव्हापासून सुनेने देवघरात पाऊल ठेवलेले नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे लागतात, तेव्हा ती बगीच्याच्या धुऱ्यावर जाऊन बसते. काळोख पडला की परत येते, गुपचूप स्वयंपाकाला लागते. तिची सासू माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, तुम्हीच समजवा तिला. दिवा लावत नाही, वाती वळत नाही. देव सोडला तिने.”

मी म्हातारीला एवढेच विचारले, “मावशी, तुम्ही नागद्वारीला किती वेळा गेलात?”

“तीन वेळा,” ती म्हणाली.

नागद्वारी ठाऊक नाही असे घर आपल्याकडे सापडायचे नाही. श्रावणातल्या नागपंचमीच्या सुमारास छिंदवाडा-तामियामार्गे पचमढीला माणसांची रीघ लागते. त्यात विदर्भातली आणि आपल्या भागातली माणसेच अधिक. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते, म्हणून ती यात्रेच्या मोजक्या दिवसांपुरतीच उघडते. वरून पाऊस, पायाखाली निसरडे दगड, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. पद्मशेष गुहेपर्यंत पोचायला माणूस दिवसभर चढतो आणि उतरतो. तिथे कळसाचे देऊळ नाही, डोंगराच्या पोटातली ओली गुहा आहे. दर्शन म्हणावे तर क्षणभराचे. बाकी सगळा वेळ जंगलच.

“मग मावशी,” मी विचारले, “तिथे देव कुठे भेटला? गुहेत की वाटेत?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “वाटेतच. पहिल्या वेळी माझा पाय घसरला होता. एका अनोळखी बाईने हात धरला. पाऊस असा की डोळे उघडवत नव्हते. मी रडत होते अन् हर हर महादेव म्हणत होते. तसे रडू मला घरच्या देवापुढे कधी आले नाही.”

मला वाटते, सुनेला धुऱ्यावर तेच मिळत असावे. ज्या घरात माणूस गेला, त्या घरात वाट दाखवणारे थोडे आणि समजावणारे फार असतात. झाड समजावत नाही. आंबिया बहाराच्या दिवसांत संत्र्याला फुले येतात, संध्याकाळी त्यांचा वास दाटतो, आणि त्या वासाला तुमच्याकडून उत्तर नको असते. दुःखी माणसाला अशी जागा लागते. अशा जागेलाही मी देवघरच म्हणते.

आपल्या संतांना यात काही नवे वाटले नसते. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांताला जात. अरणच्या सावता माळ्याने तर मळा सोडलाच नाही. तो पंढरीला गेला नाही, विठ्ठलच त्याच्या मळ्यात आला, अशी कथा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तर आपल्या अगदी जवळचे. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेला हा मुलगा रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानांत हिंडला, तिथेच त्याने ध्यान केले. सालबर्डी म्हणजे महाराष्ट्र आणि मध्यप्रदेशाच्या सीमेवरचेच ठिकाण. पण महाराज रानात राहिले नाहीत. ते खंजिरी घेऊन गावात आले, सामुदायिक प्रार्थना सुरू केली, ग्रामगीता लिहिली. हातात झाडू घेऊन गाव झाडायला त्यांनी शिकवले. रानात जे मिळाले ते गावाच्या कामी लावले.

हे सांगायचे कारण, रानात गेले की देव भेटतोच असे नाही. गाणी मोठ्याने लावून, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या नदीत टाकून येणारेही ‘निसर्गात जाऊन आलो’ म्हणतात. नागद्वारीच्या वाटेवर प्लास्टिक टाकणारे तर महादेवाचे भक्तच असतात! ज्याच्या दारी गेलो त्याच्याच अंगणात कचरा टाकायचा, ही कसली भक्ती? आपले गोंड बांधव बडादेवाला साजाच्या झाडात, म्हणजे आपल्या ऐनात मानतात. झाडच देव मानले की त्याच्यावर कुऱ्हाड उचलताना हात थबकतो. आपण मात्र देवाला झाडापासून वेगळे काढले आणि मग झाड मोकळेच सापडले.

जामसावळीचा हनुमान पिंपळाखाली निजलेला आहे. माझ्या लहानपणी आईने तिथे मला आधी पिंपळाला हात लावायला सांगितले होते, मग मूर्तीला नमस्कार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथे हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सोयी व्हाव्यात, म्हाताऱ्यांना सावली मिळावी, बायकांना आडोसा मिळावा, यात वाद नाही. माझे मागणे एवढेच की पिंपळाच्या मुळांशी माती उघडी राहावी. फरशी चकचकीत झाली आणि मुळांना पाणी मिळेनासे झाले, तर मारुतीराया कोणाच्या सावलीत निजणार?

म्हातारी जाताना म्हणाली, “मग तिला काय सांगू?” मी म्हटले, काही सांगू नका. एखाद्या संध्याकाळी तुम्हीही जाऊन तिच्या शेजारी धुऱ्यावर बसा. “माझे गुडघे दुखतात,” ती म्हणाली. मी म्हटले, खाट न्या.